कुशीवर, उताणं की पालथं?

श्रोतेहो, नमस्कार. बेळगावच्या शहापुरात आमचं गादीचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. पूर्वी गिऱ्हाईक यायचं ते कापूस पिंजून द्या म्हणत. आता विचारतात, "टॉपर आहे काय ओ?" हा शब्द पहिल्यांदा कानावर आला तेव्हा बाबांना वाटलं, एसएसएलसीला पहिल्या आलेल्या पोराची चौकशी चाललीय! तर टॉपर म्हणजे गादीवर अंथरायचा एक ते चार इंचांचा थर. फोमचा, लॅटेक्सचा, नाहीतर कापसाचा. आजीची घडी घातलेली वाकळच म्हणा, जरा शिकून आलेली.

मी आधी एकच विचारतो, झोपता कसे? बहुतेक जण छातीठोक सांगतात, "उताणं." आणि सोबतच्या वहिनी हसतात. झोप लागताना आपण कसे होतो तेवढंच आपल्याला आठवतं, पुढचं घरच्यांना ठाऊक. म्हणून चार दिवस सकाळी जाग आली की लगेच हलू नका. आहात कसे ते बघा, मग दुकानाची पायरी चढा.

कुशीवर झोपणाऱ्याचं सगळं वजन खांद्यावर आणि खुब्यावर येतं, मधली कंबर अधांतरी राहते. गादी कडक असेल तर खांदा ठणकतो, हाताला मुंग्या येतात. याला मऊ थर हवा, साधारण तीन इंचांचा. खांदा आत गेला की मणका सरळ होतो. घरच्यांना पाठीमागून बघायला सांगा, मानेपासून माकडहाडापर्यंत रेघ सरळ आहे की कपडे वाळत घातलेल्या दोरीसारखा झोळ पडलाय. निपाणीत दिवसभर मान खाली घालून विड्या वळणाऱ्या बायका, वडगावात मागावर राबणारी माणसं, यांचे खांदे रात्र व्हायच्या आधीच भरून आलेले असतात. त्यांना मी तीन इंचांखालचं दाखवतच नाही.

उताणं झोपणाऱ्यानं कमरेच्या खळग्यात तळहात घालून बघावा. हात सहज आरपार गेला तर गादी कडक आहे, दोन इंचांचा मध्यम थर पुरे. हात शिरतच नसेल तर तुम्ही आधीच रुतताय, आणखी मऊ काही घेऊ नका. आणि पालथं झोपणाऱ्यांनो, तुम्हाला माल विकून माझा फायदा असला तरी सांगतो, मऊ टॉपर घेऊ नका. पोट खाली जातं, कंबर उलटी वाकते, मान तर रात्रभर एका बाजूला पिळलेलीच. फार तर इंचभराचा घट्ट थर, आणि उशी पातळ.

आपल्याकडे पाठ धरली की पहिला सल्ला मिळतो, "फळीवर झोप." मीही तो पुष्कळांना दिला. पण 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 2003 साली स्पेनमधली एक पाहणी छापून आली. जुनी कंबरदुखी असलेल्या 313 जणांत काहींना कडक गादी दिली, काहींना मध्यम. 90 दिवसांनी मध्यम गादीवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालं होतं. तेव्हापासून मी फळीचं नाव काढत नाही.

आता माल. मेमरी फोमचा जन्म 1966 सालचा, नासाच्या कामातून, विमानातल्या आसनांसाठी. अंगाच्या उबेनं तो मऊ होतो. त्यामुळे बेळगावच्या डिसेंबरातल्या थंडीत आडवं होताना तो कडक लागतो आणि जरा वेळानं ऐकायला लागतो. अथणीकडच्या उन्हाळ्यात मात्र अंग तापवतो. रात्रभर कूस बदलणाऱ्याला तर रोप लावणीच्या चिखलात पाय रुतल्यासारखं वाटतं. त्यानं लॅटेक्स बघावं. ते रबराच्या चिकापासून होतं, दाबलं की लगेच वर येतं, पण महाग. दुकानात डेन्सिटी जरूर विचारा. मात्र डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे. एक घनमीटर फोमचं वजन किती किलो, ते. वजन जास्त असेल तर फोम लवकर बसत नाही. नवरा कुशीवर आणि बायको उताणी असेल तर भांडू नका, दोन वेगळे टॉपर शेजारी शेजारी घाला. तान्ह्या बाळाला मात्र असल्या मऊ थरावर मुळीच झोपवू नका, नाक दबून श्वास कोंडू शकतो.

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या श्रोत्यांनो, पावसाळ्यात फोम ओल धरतो. आठवड्यातून एकदा टॉपर उचलून पंख्याखाली उभा करा. कापसाला ऊन दाखवतात तसं फोमला दाखवू नका, पिवळा पडून भुगा होतो.

आणि पैसे खर्चायच्या आधी घरातली वाकळ काढा. कन्नडमध्ये तिला कौदी म्हणतात. दुहेरी घडी करून गादीवर घाला आणि पाच रात्री झोपा. फोमचा मऊपणा तीत नाही, पण खांदा जरा जरी हलका झाला तर टॉपरचा उपयोग होईल, एवढं कळतं. काहीच फरक पडला नाही तर एकदा गादीच उघडून बघा. मधे खड्डा पडलेल्या गादीवर टॉपर घातला तर तोही खड्ड्यातच जातो.

गेल्या साली निपाणीच्या एक मावशी टॉपर घ्यायला आल्या होत्या. मी त्यांना वाकळीचं सांगून परत पाठवलं. आठवड्यानं रिक्षात गादी घालून आल्या. कापसाचे नुसते गोळे झाले होते. पिंजून, दोन किलो नवा कापूस घालून, शिवून दिली. टॉपर त्यांनी घेतलाच नाही, आणि बाबा दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.