झेरॉक्सच्या दुकानावरचा खटला

मशीनचा उजेड पानाखालून सरकतो. गरम कागद ट्रेमध्ये पडतो. प्राध्यापकांनी नेमून दिलेली, वेगवेगळ्या पुस्तकांतली प्रकरणं एकत्र करायची, स्पायरल बाइंडिंग घालायचं, की झाला कोर्स पॅक. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसमध्ये हे काम रोज चालायचं.

ऑगस्ट २०१२. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी या दुकानावर आणि दिल्ली विद्यापीठावर कॉपीराइटभंगाचा दावा लावला. दोन महिन्यांत कोर्स पॅक बंद झाले. तेव्हा ज्यांच्या लेखनावरून हा वाद होता, त्यांच्यातल्याच अनेकांनी दावा मागे घ्या म्हणून प्रकाशकांना पत्र लिहिलं. अमर्त्य सेन यांनीही लिहिलं. खटला लेखकांच्या नावाने, आणि लेखक उभे विद्यार्थ्यांच्या बाजूने. या प्रकरणातली ही गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते.

१६ सप्टेंबर २०१६ला दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दुकानाच्या बाजूने निकाल दिला. त्यात त्यांनी आपले विद्यार्थीदशेतले दिवस आठवले आहेत. झेरॉक्स तेव्हा महाग होतं. कायद्याची मुलं पाळीपाळीने लायब्ररीत बसून पानंच्या पानं हाताने उतरवून काढायची. ते जर चोरी नव्हतं, तर तेच काम मशीनने केलं म्हणून चोरी कशी होईल? १९५७च्या कायद्यातलं कलम ५२ शिक्षणासाठी ही मोकळीक देतंच. डिसेंबरमध्ये खंडपीठानेही हे तत्त्व मान्य केलं; काही मुद्दे मात्र पुन्हा सुनावणीला पाठवले. मार्च २०१७मध्ये प्रकाशकांनी दावा सोडला.

पण तोवर वाचन कागदावरून पडद्यावर गेलं होतं. तिथे शोधनिबंधाचा सारांश दिसतो आणि त्याखाली पैसे मागणारी चौकट. लिहिणाऱ्याला आणि निबंध तपासणाऱ्याला तो छापणारं जर्नल सहसा छदामही देत नाही. डिसेंबर २०२०मध्ये एल्सेव्हियर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी या जर्नल छापणाऱ्या संस्था, असे निबंध फुकट देणाऱ्या साय-हब या साइटविरुद्ध याच दिल्ली उच्च न्यायालयात आल्या. २०२५मध्ये ती साइट भारतात बंद करण्याचा आदेश निघाला. त्याच वर्षापासून केंद्र सरकारने तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मोजून सरकारी शिक्षणसंस्थांना हजारो जर्नल्स खुली केली आहेत.

तालुक्याच्या गावात स्वतःचा दवाखाना चालवणारे डॉक्टर अशा कुठल्याच संस्थेत नाहीत. रात्री पेशंट गेल्यावर ते एखाद्या औषधावरचा नवा निबंध शोधतात. सारांश वाचतात. खाली तीच चौकट.