सा न विचारता स्वर ओळखणारा मेंदू

श्रोतेहो, नमस्कार.

ठाण्यातल्या किंवा वाशीतल्या कोणत्याही गायनवर्गात गायला बसलात, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : पट्टी कोणती? कुणी काळी दोन सांगतो, कुणी पांढरी पाच. तंबोरा त्याप्रमाणे लावला जातो आणि पुढच्या सगळ्या स्वरांची नावे त्या षड्जाच्या आधाराने ठरतात. काही थोड्या माणसांना मात्र हा आधार लागतच नाही. आडून पेटीवर एकच सूर वाजवला, किंवा फलाटावर येणाऱ्या गाडीचा भोंगा कानी आला, तरी तो स्वर पेटीवर कुठे सापडेल हे ती क्षणात सांगतात. याला निरपेक्ष स्वरज्ञान किंवा ॲब्सोल्यूट पिच म्हणतात. अशा संगीतकारांच्या मेंदूत नेमके काय वेगळे असते, हा आजचा विषय आहे.

या माणसांचे कान आपल्यापेक्षा तीक्ष्ण असतात, असा समज सर्रास आढळतो. माझ्या मते तो दूर केल्याशिवाय पुढचे काहीच नीट कळत नाही. कॅनडातील मॉन्ट्रियल येथे रॉबर्ट झटोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. हे ज्ञान असलेले आणि नसलेले असे दोन प्रकारचे संगीतकार स्वर ऐकत असताना त्यांच्या मेंदूतील रक्तप्रवाह त्यात मोजला होता. ध्वनी ग्रहण करणाऱ्या श्रवणप्रांतात दोन्ही गटांत सारखीच हालचाल दिसली. फरक आढळला तो डाव्या बाजूच्या कपाळामागील एका भागात : निरपेक्ष स्वरज्ञान असलेल्यांमध्ये नुसता स्वर कानी पडताच तो भाग जागा होत होता, तर इतर संगीतकारांमध्ये दोन स्वरांमधले अंतर ओळखायला सांगितले तेव्हाच. फोनवर ओळखीचा आवाज येताच नाव आपोआप आठवावे, तसे हे काम आहे. ऐकलेल्या ध्वनीला नाव जोडणारी वाट या लोकांकडे सदैव उघडी असते.

याला पूरक असा पुरावा त्याआधीच, 1984 मध्ये, मिळाला होता. एकसारख्या स्वरांच्या रांगेत मधूनच वेगळा स्वर वाजला, की साधारण 300 मिलिसेकंदांनी मेंदूत एक विद्युत तरंग उमटतो. ताज्या स्मृतीत नवी नोंद झाल्याची ती खूण मानली जाते. निरपेक्ष स्वरज्ञान असलेल्यांमध्ये स्वर ऐकताना हा तरंग क्षीण होता किंवा जवळजवळ उमटतच नव्हता, मात्र डोळ्यांनी पाहायच्या खुणांच्या बाबतीत तो नेहमीसारखा होता. मागचा स्वर मनात धरून पुढच्याशी ताडून पाहण्याची गरजच त्यांना पडत नसावी, असा त्याचा अर्थ लावला गेला.

आता मेंदूच्या घडणीकडे वळू. श्रवणप्रांताच्या मागे प्लॅनम टेम्पोराले नावाचा एक सपाट भाग असतो आणि बहुतेक माणसांत तो उजवीपेक्षा डावीकडे मोठा असतो. जर्मनीत गॉटफ्रीड श्लाउग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 मध्ये दाखवले, की निरपेक्ष स्वरज्ञान असलेल्या संगीतकारांत ही डावी-उजवी तफावत आणखी ठळक असते. डावा भाग रियाजाने वाढला, असा निष्कर्ष काढण्याचा मोह कुणालाही झाला असता. परंतु 2001 मध्ये झालेल्या पुढच्या अभ्यासात निराळेच निघाले : तफावतीचे मुख्य कारण डाव्या भागाची वाढ नसून उजव्या भागाचा लहान आकार हे होते, आणि लहानपणीच शिक्षण सुरू करूनही हे ज्ञान न लाभलेल्या संगीतकारांत ते दिसत नव्हते. 2011 मध्ये डाव्या कानशिलाआडच्या भागांना जोडणारे तंतूही या लोकांत अधिक भरीव असल्याचे दिसून आले.

इथेच थांबलो असतो, तर चित्र फार सुबक झाले असते. झुरिकच्या संशोधकांनी 2021 मध्ये 153 जणांचे मेंदू तपासले, आणि एवढा मोठा गट या विषयात विरळाच. संगीतकारांचे मेंदू इतरांपेक्षा वेगळे आहेत, हे त्यात स्पष्ट दिसले. पण संगीतकारांमध्ये हे ज्ञान असलेले आणि नसलेले यांच्यात मेंदूतील जोडण्यांचा ठाम फरक सापडला नाही. लहान गटांवर उभ्या राहिलेल्या आधीच्या निष्कर्षांकडे त्यामुळे थोडे हात राखूनच पाहावे लागते.

हे ज्ञान जन्मजात की शिकलेले, या वादात वयाचा मुद्दा मात्र पक्का आहे. डायना डॉइच यांनी 2006 मध्ये बीजिंग आणि अमेरिकेतील संगीत विद्यार्थ्यांची तुलना केली, तेव्हा चार-पाच वर्षांच्या वयात शिकू लागलेल्या चिनी विद्यार्थ्यांपैकी सुमारे 60 टक्के, तर अमेरिकन विद्यार्थ्यांपैकी सुमारे 14 टक्के निरपेक्ष स्वरज्ञानाच्या कसोटीला उतरले. चिनी भाषेत स्वराच्या चढउताराने शब्दाचा अर्थच बदलतो, हे त्यामागचे कारण असावे, असे डॉइच यांचे म्हणणे आहे. दोन्हीकडे उशिरा शिकू लागलेल्यांत हे प्रमाण उतरत गेले.

आपल्याकडे काय होत असावे? ठाण्यात पं. राम मराठे यांच्या स्मरणार्थ भरणाऱ्या संगीत महोत्सवात एका बैठकीचा षड्ज काळी एक असतो, तर दुसरीचा काळी चार, आणि तरीही दोन्ही वेळा यमन श्रोत्यांना बिनचूक ओळखू येतो. जपानी संशोधक केन-इची मियाझाकी यांच्या प्रयोगांत नेमके याच कामात निरपेक्ष स्वरज्ञान असलेले अडखळले होते; आधारस्वर सरकवल्यावर त्यांना स्वरांतरे ओळखणे जड गेले. मुलाला हे ज्ञान आहे का, म्हणून चिंतेत किंवा अभिमानात असलेल्या पालकांना मी हा प्रयोग आवर्जून सांगतो. शिवाय ज्या मुलाचा ‘सा’ आज एका पट्टीवर आणि उद्या दुसरीवर असतो, त्याच्या मेंदूला ठरावीक ध्वनीशी ठरावीक नाव बांधण्याची संधीच कमी मिळते. त्याची पारख करायचीच असेल, तर ‘हा कोमल गंधार का?’ असे विचारून उपयोग नाही. तंबोरा बंद ठेवून, पेटी नजरेआड करून, वाजलेला सूर पांढरी किंवा काळी कितवी, हेच विचारावे लागेल.