सालासकट निघालेली बी

(दृश्य: पहाट. काजूच्या झाडाखालची झाडून स्वच्छ केलेली वाळू. वर पडलेली लालपिवळी बोंडं.)

ऑक्टोबर महिना. कोकणातल्या काजूला या दिवसांत नुसती पानं असतात, मोहरालाही अजून अवकाश असतो. इथे मात्र बोंडं गळायला लागली आहेत. हे टांझानियाचं दक्षिण टोक, म्त्वारा प्रांत. खाली रुवुमा नदी, नदीपलीकडे मोझांबिक. आपण विषुववृत्ताच्या दक्षिणेला आलो आहोत, म्हणून हंगामही उलटा.

स्वाहिलीत या बीला म्हणतात कोरोशो. ब्राझीलचं हे झाड पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात गोव्यात आणलं आणि आफ्रिकेच्या या किनाऱ्यावरही. बोंडाला इथे 'बिबो' म्हणतात. ऐकताना आपला बिब्बा आठवतो. आणि बोंडाचा रस आंबवून केलेली दारू? गोव्यात हुर्राक, इथे उराका.

(दृश्य: नेवाला. पठाराचा कडा, खाली दूरवर रुवुमाचं खोरं.)

हे माकोंडे लोकांचं पठार. जमीन वाळूची. पाऊस वर्षातून एकदाच, साधारण डिसेंबर ते एप्रिल. पडलेलं पाणी वाळूत जिरतं आणि थेट कड्याच्या पायथ्याशी झऱ्यांतून बाहेर येतं. वर ओढा नाही, विहिरीला पाणी नाही. मग माणसं इथे राहिलीच का? एकोणिसाव्या शतकात गुलाम पकडणाऱ्या टोळ्या या मुलखात फिरत होत्या. पठारावरच्या दाट झुडपांत त्यांना शिरता येत नसे. जीव वर सुरक्षित होता, पाणी मात्र खाली होतं. बायका कडा उतरायच्या, भरलेली भांडी डोक्यावर घेऊन पुन्हा चढायच्या. पंपाने पाणी वर आणायची योजना १९५० च्या दशकात आली. तोवर कित्येक पिढ्यांचा दिवस त्या पायवाटेवर गेला होता.

काजूला मात्र हीच जमीन मानवली. मुळं खोल जातात, मोहराच्या वेळी हवा कोरडी असते. त्याच मोहरावर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी येते. नाशिकच्या द्राक्षवाल्यांना हे नाव वेगळं सांगायला नको. उपायही तोच, गंधक. कोरड्या महिन्यांत बागांमधून गंधकाची पिवळी धूळ उडत असते.

१९७३-७४ च्या हंगामात टांझानियात सुमारे १ लाख ४५ हजार टन काजू निघाला. १९८६-८७ मध्ये तो २० हजार टनांच्याही खाली आला. भाव पडले होते, भुरी पसरली होती, पण आणखी एक कारण होतं. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांच्या सरकारने विखुरलेल्या वस्त्या हलवून मोठी गावं वसवली. शाळा, दवाखाना, पाणी सगळ्यांना मिळावं हा हेतू मनापासूनचा होता. पण माणसं हलली, झाडं जागेवरच राहिली. बाग घरापासून काही तासांच्या अंतरावर गेली की झाडाखालचं गवत कोण काढणार?

याच सुमारास जागतिक बँकेच्या कर्जातून देशात काजू फोडायचे बारा मोठे कारखाने उभे राहिले. यंत्रं आली आणि बी आटली. बहुतेक कारखाने बंद पडले.

(दृश्य: सहकारी संस्थेचं गोदाम. वजनकाटा, पोती.)

आज उत्पादन पुन्हा वाढलं आहे. २०१७-१८ मध्ये तीन लाख टनांच्या वर गेलं. २००७ पासून इथे गोदाम-पावतीची पद्धत आहे. शेतकरी माल संस्थेच्या गोदामात टाकतो, पावती घेतो, मग लिलाव होतो. त्याआधी चालायचा, आणि चोरून अजूनही चालतो, तो 'कांगोंबा'. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की दलाल दारात येतो आणि झाडावर अजून नसलेली बी मापाने, मातीमोल भावात घेऊन ठेवतो. सावकारीची ही तऱ्हा आपल्या गावांनीही भोगली आहे.

२०१८ मध्ये लिलावातले भाव इतके पडले, की राष्ट्राध्यक्ष मागुफुली यांनी व्यापाऱ्यांना बाजूला सारून थेट सैन्याला खरेदीला पाठवलं. भाव ठरवला किलोला ३,३०० शिलिंग. लष्करी ट्रक काजूची पोती वाहू लागले. पण पुष्कळांचे पैसे महिनोन् महिने अडकले.

काजूशेजारच्या शेतांत तूर असते. तिला इथे म्बाझी म्हणतात. या तुरीचं मोठं गिऱ्हाईक भारत. ऑगस्ट २०१७ मध्ये भारताने तुरीच्या आयातीवर मर्यादा घातली, कारण आपल्याकडेच तुरीचा ढीग पडला होता. विदर्भ-मराठवाड्यात खरेदी केंद्रांपुढे रांगा लागल्या होत्या. त्याच वर्षी इकडे म्बाझीचा भाव कोसळला. दोन्हीकडचा शेतकरी एकाच पिकात बुडाला, आणि एकाला दुसऱ्याची खबरही नव्हती.

या भागाला समुद्र आहे, म्त्वाराचं खोल बंदर आहे. म्नाझी उपसागरात १९८२ मध्ये नैसर्गिक वायू सापडला. तो नळाने पाचशेहून जास्त किलोमीटरवरच्या दार-एस-सलामला न्यायचं ठरलं, तेव्हा २०१३ मध्ये म्त्वारात लोक रस्त्यावर उतरले. दंगल झाली, माणसं मेली. वायू आमच्या दारात, मग कारखाने दुसऱ्या शहरात का, हा त्यांचा प्रश्न होता. नळ टाकला गेला.

मला हा प्रश्न काजूच्या पोत्यापाशीही ऐकू येतो. कारण बहुतेक बी इथून सालासकटच जाते, भारताकडे आणि व्हिएतनामकडे. भाजणं, फोडणं, सोलणं, प्रतवारी, रोजंदारीचं सगळं काम तिकडे होतं.

(दृश्य: बंदर. क्रेन, कंटेनर. मग कोकणातला एक काजू कारखाना, बाहेर पाऊस.)

कोकणातली बी मे महिन्यापर्यंत येते. कारखाने बारा महिने चालवायचे, तर आफ्रिकेतली बी लागते. सालातलं तेल कातडी जाळतं, म्हणून फोडायला बसण्याआधी बायका हाताला राख चोळतात. नेवालाच्या वाळूत वेचलेली अशीच एखादी बी आता कुणा बाईच्या बोटांत आहे. ती फोडते, गर एका बाजूला टाकते, साल दुसऱ्या बाजूला, आणि पुढची बी उचलते.