सेंट्रल पार्क : खणून, भरून, लावून केलेलं रान

(पडद्यावर : दगडी कठडा, दोन्ही बाजूंनी झाडं. कॅमेरा हळूहळू कठड्यावरून खाली वाकतो.)

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला हा पूल बघा. म्हणजे हा पूल आहे हेसुद्धा पटकन लक्षात येत नाही, दोन्हीकडे झाडं, वेली, कोणी कुत्रं फिरवतंय, कोणी पळतंय, आणि कठड्यावरून खाली वाकलात की मग दिसतं की अरे, खाली तर बस चाललीये, टॅक्सी चाललीये, सायरन वाजवत ॲम्ब्युलन्स चाललीये, अख्खं शहर या बागेच्या पोटातून आरपार जातंय आणि वरून चालणाऱ्याला त्याचा पत्ताच नाही.

हे ठरलं १८५८ मध्ये. तेव्हा मोटारी नव्हत्या हो, कोळशाच्या गाड्या, खाटकांच्या गाड्या, कचऱ्याच्या गाड्या, सगळं घोड्यांवर. न्यूयॉर्कने बागेच्या डिझाइनसाठी स्पर्धा ठेवली होती आणि त्यात अट होती की शहराच्या पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारे कमीत कमी चार रस्ते बागेतून गेलेच पाहिजेत. बहुतेकांनी ते सरळ जमिनीवरून आखले. दोघांनी मात्र ते जमिनीत उतरवले, खडक फोडून साधारण आठ फूट खोल, कडेला भिंती आणि भिंतींच्या वर झाडी, म्हणजे गाड्या रात्रभर चालू दे, बाग वेगळी आणि रस्ता वेगळा. आज ६५, ७९, ८५ आणि ९७ या स्ट्रीटच्या आसपास तुम्ही बागेखालून जाता ते हेच चार रस्ते. मला विचाराल तर अमेरिकेतल्या लँडस्केप आर्किटेक्चरचा, म्हणजे जमीन, पाणी, झाडं यांची रचना करायच्या कलेचा, अख्खा इतिहास समजून घ्यायचा असेल तर इथूनच सुरुवात करावी, या कठड्यापासून.

ते दोघं म्हणजे फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉक्स. नाव कायम पहिल्याचं घेतलं जातं, दुसऱ्याचं राहून जातं, आणि हे मला मनापासून खटकतं, कारण स्पर्धेत उतरायची कल्पना व्हॉक्सची, ड्रॉइंगवर हात बसलेला व्हॉक्सचा, आर्किटेक्ट तो. ओल्मस्टेडने तोवर एकही बाग डिझाइन केलेली नव्हती. हार्टफर्डमध्ये १८२२ साली जन्मलेला हा माणूस, डोळ्यांच्या त्रासामुळे कॉलेज राहिलं, मग स्टेटन आयलंडवर शेती केली, मग पत्रकार झाला, दक्षिणेकडच्या राज्यांत फिरून गुलामगिरीबद्दल पेपरात लिहिलं, आणि १८५७ मध्ये हातात काही काम नसताना या होऊ घातलेल्या बागेवर सुपरिंटेंडंट म्हणून लागला. पण एक होतं, १८५० साली तो इंग्लंडला गेला होता आणि तिथे लिव्हरपूलच्या पलीकडचा बर्कनहेड पार्क त्याने पाहिला होता, सरकारी पैशातून केलेली बाग, कोणीही या आणि फिरा. राजाची नाही, जमीनदाराची नाही, सगळ्यांची. ते त्याच्या डोक्यातून गेलंच नाही.

बरं, त्या वेळी अमेरिकेत लोक फिरायला कुठे जायचे माहितीये? स्मशानात. खरंच. बोस्टनजवळ केंब्रिजला १८३१ मध्ये माउंट ऑबर्न सिमेट्री सुरू झाली, टेकड्या, तळी, वळणावळणाच्या वाटा, झाडांमध्ये थडगी, आणि लोक रविवारी बायकामुलांना घेऊन तिथे जायला लागले. ब्रुकलिनचं ग्रीनवुड १८३८ चं, तिथेही तेच. न्यूबर्गचा एक नर्सरीवाला, अँड्र्यू जॅक्सन डाउनिंग, झाडं विकता विकता घरं आणि बागा यांवर लिहायला लागला आणि देशभर वाचला जायला लागला, त्याचं म्हणणं सोपं होतं, लोक जर हिरवळीसाठी स्मशानात गर्दी करतायत तर जिवंत माणसांसाठी शहरात बाग का नको? त्याने मोठ्या सार्वजनिक बागेची मागणी लावून धरली, आणि लंडनहून एका तरुण आर्किटेक्टला मदतीला आणलं, तो हा व्हॉक्स. १८५२ मध्ये हडसन नदीत हेन्री क्ले नावाच्या बोटीला आग लागली त्यात डाउनिंग गेला, ३६ वर्षांचा होता. ज्या बागेसाठी तो भांडला ती त्याने पाहिलीच नाही. व्हॉक्सने पुढे आपल्या मुलाचं नाव डाउनिंग ठेवलं.

आणि याच मुलाने पुढे सांगितलेली एक आठवण मला फार आवडते. स्पर्धेसाठीचा नकाशा होता भलामोठा, दहा फुटांच्या आसपास लांब, पेन आणि शाईने काढलेला, आणि त्यात गवत दाखवायचं म्हणजे बारीक बारीक टिंबं आणि रेघा मारत बसायचं, हजारो. तर संध्याकाळी घरी जे कोणी मित्रमंडळ भेटायला येईल त्यांच्या हातात पेन दिलं जायचं, बसा, थोडं गवत काढा. म्हणजे सेंट्रल पार्कचं पहिलं गवत पाहुण्यांनी काढलंय!

एकूण ३३ नकाशे आले, यांचा ३३ वा, अगदी शेवटचा. नाव ग्रीन्सवर्ड. सोबत काही जागांची दोन दोन चित्रं लावलेली, आत्ता ही जागा कशी दिसते आणि आम्ही ती कशी करू. पहिलं बक्षीस, दोन हजार डॉलर.

(पडद्यावर : जुना फोटो, उघडा खडक, चिखल, कुठेकुठे खुरटी झाडं.)

आता ही "आत्ता कशी दिसते" वाली जागा बघा. दलदल, वर आलेला काळपट खडक, माती नावाला. लोकांना वाटतं की न्यूयॉर्कवाल्यांनी शहर वाढताना मधला जंगलाचा तुकडा तेवढा शिल्लक ठेवला. अजिबात नाही. इथे तळं आहे ते दलदल खणून केलेलं. रॅम्बल नावाचा जो भाग आहे ना, एकदम दाट, पायवाटा हरवतात, पक्षी बघणारे दुर्बिणी घेऊन उभे असतात, तिथून एक झरा वाहतो, त्या झऱ्याचं पाणी दगडांच्या आड लपवलेल्या पाइपातून येतं. कुरण म्हणून जे पसरलेलं दिसतं ते भराव घालून आणि सपाट करून केलेलं. त्याच्याखाली पाणी निचरायला भाजलेल्या मातीच्या नळ्यांचं जाळं घातलं, ते काम जॉर्ज वेअरिंग नावाच्या इंजिनियरचं, कारण नुसती माती टाकून झाडं लावली असती तर मुळं कुजून दोन वर्षांत सगळं खलास. जवळजवळ ३० लाख घनयार्ड माती हलवली गेली, चांगली माती न्यू जर्सीहूनसुद्धा आणली, २ लाख ७० हजारांच्या वर झाडं झुडपं लावली, आणि खडक फोडायला सुरुंगाची दारू इतकी लागली की पुढे अमेरिकेच्या यादवी युद्धात गेटिसबर्गच्या लढाईत उडाली त्याहून जास्त असं इतिहासकार सांगतात. झाडं कुठली कुठे लावायची हे बघायला ऑस्ट्रियाहून आलेला इग्नाझ पिलाट नावाचा माळी होता, त्याचंही नाव सहसा कुणी घेत नाही.

आणि हे सगळं जेसीबीशिवाय, फावडी, पहार, घमेली, घोडागाडी. सगळं मिळून वीस हजारांच्या वर मजूर, बहुतेक आयरिश आणि जर्मन, रोजचा साधारण एक डॉलर. १८५७ ची मंदी होती, माणसं कामासाठी रांगा लावून उभी होती. काळ्या लोकांना मात्र या कामावर जवळजवळ घेतलंच नाही, हे लक्षात ठेवा, याच्याकडे परत यायचंय.

डिसेंबर १८५८ मध्ये तळ्यावर बर्फ धरला आणि लोक स्केटिंगला आले, बाग अजून अर्धी उघडी बोडकी होती तरी आले. पुढे हद्द उत्तरेला वाढून ती ८४३ एकर झाली. १८७३ मध्ये बेथेस्डा कारंजं बसलं, त्यावरचा देवदूत एमा स्टेबिन्सचा, या शहरात एवढं मोठं सार्वजनिक शिल्प करायला मिळालेली ती पहिली बाई.

या कामातून एक नवीन पेशाच उभा राहिला. तोवर "लँडस्केप गार्डनर" म्हणायचे, म्हणजे फुलझाडं आणि ताटवे. ओल्मस्टेड आणि व्हॉक्स यांच्या नावापुढे "लँडस्केप आर्किटेक्ट" लागलं, आणि ओल्मस्टेडला ते नाव स्वतःला फारसं आवडत नव्हतं तरी तेच टिकलं. १८९९ मध्ये या लोकांची अमेरिकन सोसायटी निघाली, ११ संस्थापक, त्यात बाई एकच, बिॲट्रिक्स फॅरंड, आणि पुढच्याच वर्षी हार्वर्डमध्ये हा विषय शिकवायला सुरुवात झाली.

ब्रुकलिनचा प्रॉस्पेक्ट पार्क, शिकागोजवळचं रिव्हरसाइड, बफेलोमधल्या बागा, यादी लांब आहे, ती बाजूला ठेवू. पण बोस्टनचं एक काम सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिथे बॅक बे भागात खाडीचा चिखल होता, शहराचं सांडपाणी त्यात यायचं, भरतीला वर चढायचं आणि ओहोटीला तिथेच सडायचं, वास इतका की आसपास कोणी घर घेईना. १८७८ पासून ओल्मस्टेडने तिथे काय केलं, तर सांडपाणी वेगळ्या नळांतून काढलं आणि उरलेल्या जागेत चक्क खाजण तयार केलं, खारं पाणी सोसणारं गवत लावून, वळणं देऊन, म्हणजे पूर आला की पाणी तिथे पसरेल, थांबेल, मग जाईल. लोकांना वाटलं की ही निसर्गाची जुनी खाजणच आहे. आज जगभर शहरं बुडायला लागल्यावर जे सांगितलं जातंय की पाण्याला पसरायला जागा सोडा, ते या माणसाने तेव्हा करून दाखवलं होतं. १९१० मध्ये चार्ल्स नदीवर धरण झालं, खारं पाणी यायचं बंद झालं आणि ते गवत मेलं. जागा बाग म्हणून आहे अजून, पण ते खाजण गेलं.

(पडद्यावर : परत सेंट्रल पार्क, पश्चिमेची बाजू. उतारावर गवत, बाकावर दोन म्हातारी माणसं.)

आता ते मघाचं, काळ्या लोकांचं. पश्चिमेकडून ८२ ते ८९ स्ट्रीटच्या दरम्यान बागेत शिरलात तर एक शांत उतार लागतो, मोठी झाडं, खडक. इथे गाव होतं. सेनेका व्हिलेज. १८२५ मध्ये अँड्र्यू विल्यम्स नावाच्या २५ वर्षांच्या काळ्या तरुणाने, लोकांच्या बुटांना पॉलिश करणारा मुलगा हा, १२५ डॉलर देऊन इथे तीन प्लॉट घेतले. न्यूयॉर्कमध्ये गुलामगिरी पूर्ण संपायलाही अजून दोन वर्षं होती. त्याच्यामागोमाग बाकीचे आले, एका चर्चनेही जमीन घेतली. जमिनीला इथे दुहेरी अर्थ होता, कारण काळ्या माणसाला मत द्यायचं तर त्याच्याकडे २५० डॉलरची मालमत्ता असली पाहिजे असा कायदा होता, गोऱ्याला अशी काही अट नाही. म्हणजे प्लॉट म्हणजे घर आणि प्लॉट म्हणजे मत. १८५५ पर्यंत सव्वादोनशेच्या आसपास वस्ती, त्यातले साधारण एक तृतीयांश आयरिश, तीन चर्च, शाळा, दफनभूमी.

जुलै १८५३ मध्ये बागेसाठी जमीन ताब्यात घ्यायचा कायदा झाला. आणि ऑगस्टमध्ये, म्हणजे दोनच आठवड्यांत, या गावातल्या लोकांनी एका नव्या चर्चच्या पायाचा दगड बसवला. दगडात एक पेटी ठेवली, तिच्यात बायबल, भजनांचं पुस्तक, चर्चचे नियम, पाच विश्वस्तांची नावं लिहिलेलं पत्र आणि त्या दिवसांतले पेपर. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिथेच थांबलो. घर जाणार हे दिसत असताना माणूस पाया घालतो.

पेपरांनी मात्र त्यांना झोपडपट्टीवाले, जागा बळकावून बसलेले असंच लिहिलं, कागदपत्रं असताना. विल्यम्सने आपल्या घराचे आणि तीन प्लॉटचे ३५०० डॉलर मागितले, मिळाले २३३५. १८५७ संपायच्या आत गाव रिकामं झालं, बागेच्या सगळ्या जागेवरून मिळून साधारण १६०० माणसं उठली. ग्रीन्सवर्डचा नकाशा त्यानंतरचा, हे खरं, पण ज्या जागेवर पाहुण्यांनी टिंबटिंब करून गवत काढलं ती अशी मोकळी झालेली होती. आणि ओल्मस्टेड व्हॉक्सचं काम इतकं चोख की पुढे शंभरेक वर्षं इथे फिरणाऱ्याला संशयसुद्धा आला नाही. मला या दोघांबद्दल खूप आदर आहे, तो कमी झालेला नाही, पण आता तो उतार मला नुसता उतार म्हणून बघता येत नाही.

२०११ मध्ये पुरातत्त्ववाल्यांना इथे खणायची परवानगी मिळाली. आठ आठवडे. विल्यम गॉडफ्री विल्सन म्हणून एकजण इथल्या ऑल एंजल्स चर्चची देखभाल करायचा, बायको शार्लट आणि आठ मुलं, त्याच्या घराच्या पायाचे दगड सापडले. अडीचशे पिशव्या भरतील इतक्या वस्तू. लोखंडी चहाची किटली, मांस भाजायचं पातेलं, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे, बिअरची दगडी बाटली. आणि एक लहान बूट, तळ चामड्याचा, वरचा भाग कापडाचा.

वस्तू काढून नेल्या, मोजमापं झाली, फोटो झाले, आणि मग खड्डे बुजवून वर परत गवत लावलं.