दोघांत तिसरा

(एका ज्येष्ठ नागरिक संघाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. मला पंचेचाळीस मिनिटं दिली आहेत. त्यातली नऊ अध्यक्षांनी माझा परिचय करून देण्यात घालवली, म्हणजे छत्तीस उरली. विषय पत्रिकेवर छापलाय, ‘दुसऱ्यांच्या प्रेमात बाहेरच्याचा सल्ला उपयोगी पडतो का?’ माझ्या हातातल्या पत्रिकेवर खाली कोणीतरी पेनाने ‘नाही’ लिहून ठेवलंय. अक्षर ओळखीचं आहे. त्याच्याकडे नंतर येतो.

आधी हात वर करा पाहू. आपल्या सल्ल्याने कुणाचं तरी जमलं, मोडलं किंवा सावरलं असं किती जणांना वाटतं? बघा, अर्धं सभागृह. आता असा सल्ला ऐकून तंतोतंत तसंच वागलेल्यांनी हात वर करा. एक. आजोबा, तुम्ही? नाही? पंखा लावा म्हणताय. लावा हो कोणीतरी पंखा.

मी तीसेक वर्षं कौटुंबिक न्यायालयात वकिली केली. दोघांच्या मधे पडणं हाच धंदा, त्यामुळे विषय माझा आहे असं आयोजकांना वाटलं. पण १९८४ चा कौटुंबिक न्यायालय कायदा काढून बघा. कलम १३ म्हणतं, पक्षकाराला वकील देण्याचा हक्क नाही. न्यायालयाने परवानगी दिली तरच आम्ही उभे राहणार. म्हणजे संसदेनेच आम्हाला बाहेरचा माणूस ठरवलंय. उलट समुपदेशकाला मात्र कायद्याने आत घेतलंय. मला याचा पहिली दहा वर्षं राग होता. पुढे राग गेला. का गेला, तेच सांगायला आलोय. पण त्यासाठी चहाची गोष्ट सांगावी लागेल. काहींनी ती ऐकलेली आहे, त्यांनी डुलकी काढली तरी चालेल.

१९८४ सालच. मी लॉ कॉलेजला शेवटच्या वर्षाला. माझा एक जिवलग मित्र, त्याचं नाव घ्यायला वहिनींनी मनाई केली आहे, एका मुलीच्या प्रेमात पडला. महिनाभर आमच्या खोलीत दुसरा विषय नाही. शेवटी म्हणाला, तू तिला एकदा भेट आणि सांग कशी वाटते. आता ‘कशी वाटते’ हा आपल्याकडे प्रश्न नसतोच. ‘छान आहे’ हे उत्तर आधीच ठरलेलं असतं, तुम्ही फक्त ते मोठ्याने म्हणायचं. हे मला बाविसाव्या वर्षी ठाऊक नव्हतं. मला वाटलं, याला खरंच मत हवंय.

कॅम्पातल्या एका इराण्याकडे आम्ही तिघे बसलो. संगमरवरी टेबल, बन मस्का, तीन चहा. ती दोघं एका बाजूला, मी समोर, परीक्षकासारखा. मुलगी चांगली बोलत होती. चहा आला. दोन मिनिटांत तिने पोऱ्याला हाक मारली. “दूध नासलंय. दुसरा आण.” पोऱ्या कप घेऊन गेला, दुसरा घेऊन आला. तिने तोही परत पाठवला. आवाज चढवला नाही, पण पोऱ्याचं तोंड उतरलं. मी ते उतरलेलं तोंड नीट बघून ठेवलं. माझ्या कपात काय होतं? मला आठवत नाही. मी बन मस्क्यात होतो.

परतताना दोघे सायकली हातात धरून चालत निघालो. लकडी पुलावर मित्राने विचारलं, बोल. आणि मी बोललो. “बाई तापट आहे. हॉटेलातल्या पोऱ्याला जी सोडत नाही, ती तुझ्या आईला सोडेल का?” काय वाक्य! चार दिवस मी स्वतःवर खूश होतो. पुढे कोर्टात कितीतरी उलटतपासण्या घेतल्या, पण असं वाक्य पुन्हा सुचलं नाही. मित्राने मान डोलावली, म्हणाला, “विचार करतो.” त्याने केलेला विचार एवढाच, की आठवड्याभरात ते वाक्य जसंच्या तसं तिला जाऊन सांगितलं.

हे मला माहीत नव्हतं. पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झालं. पंगतीत मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. नवरा-नवरी आग्रहाला निघाली. तिच्या हातात जिलब्यांचं ताट. माझ्या पानाशी वाकली, हसून म्हणाली, “भावजी, घ्या ना. गरम आहे. नासली असेल तर सांगा, परत पाठवू.”

चाळीस वर्षं झाली हो. चाळीस वर्षं त्या घरी माझ्यापुढे चहा ठेवताना काही ना काही बोललं जातं. माझ्या मुलांना वाटायचं, काकू विनोदी आहेत.

पुढचं मात्र विनोदाचं नाही. दहाएक वर्षांपूर्वी मित्राची बायपास झाली. रात्री त्याला आत ठेवलेलं, आणि खाली कँटीनमध्ये वहिनी आणि मी, दोघेच. कागदी कपातला चहा. पहिल्यांदाच काही टोमणा आला नाही, त्यामुळे मी जास्त घाबरलो. मग त्याच म्हणाल्या, “भावजी, त्या दिवशीचा चहा मी परत पाठवला नव्हता.” मी म्हटलं, म्हणजे? “माझा कप बरा होता. यांचा नासलेला होता. हे तोंड वाकडं करून बसले, आणि टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. स्वतः पोऱ्याला हाक मारायची हिंमत नाही. मी मारली. दुसराही तसलाच निघाला, पुन्हा पाय. अजून तेच चाललंय. प्लंबरशी बोलायचं, मुलाच्या शाळेत भांडायचं, सासूबाईंना नाही म्हणायचं, तुम्हाला दिलेले उसने पैसे मागायचे, सगळं मीच.”

पैसे मी परत केलेत. हशा पुरे.

आता बघा. मी जे पाहिलं त्यात चूक काहीच नव्हती. चहा परत गेला, दोनदा गेला, पोऱ्या हिरमुसला. साक्षीदार म्हणून मी अव्वल होतो. पण मी टेबलाच्या वरचं बघत होतो आणि संसार टेबलाखाली चालू होता. मी ज्याला तिचा स्वभाव म्हणालो, ते त्या दोघांनी आपसांत वाटून घेतलेलं काम होतं.

(चिठ्ठी आली आहे. ‘दहा मिनिटे.’ अरे बापरे. मुख्य मुद्दे तर अजून पिशवीतच आहेत. भराभर घेतो.)

पहिला मुद्दा. बाहेरच्याला काहीच कळत नाही असं नाही. कॅनडातल्या तारा मॅकडोनाल्ड आणि मायकेल रॉस या मानसशास्त्रज्ञांचा १९९९ चा अभ्यास आहे. प्रेमात असलेल्या विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचं किती टिकेल? तेच त्यांच्यासोबत खोलीत राहणाऱ्या मित्रमैत्रिणींना आणि आईवडिलांना विचारलं. टिकण्याचा अंदाज बाहेरच्यांचा जास्त बरोबर आला, आणि खात्री मात्र प्रेमिकांना जास्त होती. खूश झालात? थांबा. त्याच अभ्यासात, नातं किती चांगलं आहे याचं प्रेमिकांनी स्वतः केलेलं मोजमाप बाहेरच्यांच्या मोजमापापेक्षा टिकण्याशी जास्त जुळलं. म्हणजे माहिती त्यांच्याकडेच होती, भाकीत करताना ती वापरली नाही. २००१ मध्ये ॲग्न्यू आणि सहकाऱ्यांनी मित्रमंडळींनाच विचारलं, तेव्हा मुलीच्या मैत्रिणींचा होरा सगळ्यांत चांगला निघाला. यात नवल काय? सातवाहन राजा हाल याच्या गाथासप्तशतीत, म्हणजे आपल्या मराठीच्या पणजीतल्या, प्राकृतातल्या काव्यसंग्रहात, कितीतरी गाथा सखीच्या नाही तर दूतीच्या तोंडी आहेत. हे खातं दोन हजार वर्षांपासून तिच्याकडे आहे.

पण ‘टिकेल का’ आणि ‘मोडावं का’ हे दोन वेगळे प्रश्न. आपल्याला विचारतात दुसरा आणि आपण उत्तर देतो पहिल्याच्या जोरावर.

दुसरा मुद्दा, ‘विरोध केला की प्रेम वाढतं’ हा. १९७२ मध्ये एका अभ्यासात तसं दिसलं आणि रोमिओ-ज्युलिएटचं नाव त्याला चिकटलं. २०१४ मध्ये पुन्हा तपासलं तेव्हा ते दिसलं नाही. घरच्यांची, मित्रांची नापसंती असेल तर नातं बहुतेक कमकुवतच होतं. म्हणजे तुमच्या बोलण्याला वजन आहे, म्हणून जपून बोला. नुसतं ‘मला काय, मी बोललो’ म्हणून सुटता येत नाही.

तिसरा, समुपदेशकाचा. माझा राग गेला तो इथे. त्यांच्यापुढे बोललेलं गोपनीय राहतं, आणि पुढच्या रविवारी त्यांना त्या घरी जेवायला जायचं नसतं. माझं वाक्य आठवड्यात पोचलं होतं. तुमचंही पोचतं. दोघांचं भांडण मिटतं, तेव्हा नैवेद्य म्हणून तुमचंच वाक्य ठेवलं जातं. कायद्याचा सल्लाही बघा किती आखडता आहे. परस्पर संमतीचा घटस्फोट, हिंदू विवाह कायद्याचं कलम १३ ब, १९७६ मध्ये आलं. ते म्हणतं, वर्षभर वेगळे राहत असाल तर अर्ज करा आणि सहा महिने थांबा. एवढंच. ते थांबणंही माफ करता येतं, असं २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं.

चौथा, आणि यात विनोद नाही. मारहाण, कोंडून ठेवणं, धमकी दिसली तर माझी चहाची गोष्ट विसरा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम ४ कोणालाही, शेजाऱ्यालासुद्धा, संरक्षण अधिकाऱ्याला कळवायची मुभा देतं, आणि चांगल्या हेतूने कळवलं तर त्याच्यावर जबाबदारी येत नाही. लग्न झालेलं नसलं, तरी लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणारीलाही हा कायदा आहे. महिला हेल्पलाइनचा नंबर १८१. लिहून घ्या.

दुसरी चिठ्ठी श्रोत्यांकडून आहे. ‘मुलीने पसंत केलेला मुलगा मला आवडत नाही, काय सांगू?’ सही नाही, बरंच झालं. ताई किंवा भाऊ, जे पाहिलंत ते सांगा, दिवस आणि जागेसकट, एकदाच. ‘मंगळवारी तो रिक्षावाल्याशी असा बोलला.’ तिथे थांबा. त्याचा अर्थ तिच्यावर सोडा, तिने टेबलाखालचंही पाहिलेलं असतं. आणि जे बोलाल ते त्याच्या कानावर जाणार हे धरूनच बोला.

वेळ संपली. अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. पत्रिकेवरचं ‘नाही’ राहिलंच. वहिनी, तिसऱ्या रांगेत बसून ओळख नसल्यासारखं दाखवू नका, अक्षर तुमचंच आहे. ट्रेमध्ये चहा आलाय. मित्राने कप घेतलाय, आणि मला इथून दिसतंय, त्याने तुमच्याकडे बघितलंय.