पायात खडा रुतलाय का?

नमस्कार श्रोतेहो. मी ठाण्यातून, नौपाड्यातून बोलतोय. ज्या शहराला घोडबंदर रोड आहे, तिथे जिवंत घोडा बघायला लग्नसराईची वाट पाहावी लागते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी वरातीचा घोडा उभा राहतो. बँडवाले चहा पीत असतात, नवरदेवाचा फेटा अजून बांधून व्हायचा असतो. घोडा मागचा एक पाय सैल सोडतो, त्या खुराचं नुसतं टोक टेकवतो, त्या बाजूचा पुठ्ठा खाली उतरतो. थोड्या वेळाने पाय बदलतो.

मी चित्रं काढतो ती मिश्र माध्यमात. म्हणजे एकाच फळीवर कोळसा, अ‍ॅक्रिलिक, फाडून चिकटवलेले कागद. गेल्या वर्षी दुडक्या चालीचा एक घोडा केला. दुडकीत पाय तिरक्या जोडीने पडतात: पुढचा डावा आणि मागचा उजवा एकदम, मग दुसरी जोडी. ते सगळं बरोबर होतं. वर मान झोकात उंच, आयाळ उडती. फोटो मोबाइलवर घोडेवाल्याला दाखवला. त्याने बघितलं आणि विचारलं, "याच्या पायात खडा रुतलाय का?"

मग त्यानेच सांगितलं. दुडकीत धडधाकट घोड्याचं डोकं जवळजवळ स्थिर राहतं. पुढचा पाय दुखत असला, की तो टेकताना घोडा मान वर झटकतो, त्या पायावरचा भार कमी करायला. मी ऐटीत धावणारा घोडा काढायला गेलो आणि लंगडा काढून बसलो.

अशी चूक थोरांचीही झाली आहे. फ्रेंच चित्रकार जेरिकोने १८२१ साली इंग्लंडमधल्या एप्समच्या डर्बीचं, म्हणजे घोड्यांच्या शर्यतीचं, चित्र केलं, ते आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यातले घोडे पुढचे पाय पुढे, मागचे मागे ताणून हवेत तरंगतात. १८७८ मध्ये छायाचित्रकार मायब्रिजने कॅलिफोर्नियात धावपट्टीशेजारी ओळीने कॅमेरे मांडून फोटो घेतले, तेव्हा कळलं की भरधाव घोड्याचे चारही पाय जमिनीवरून सुटतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना. पण खरं सांगू? जेरिकोचे घोडे तरी पळतात. फोटोतला एखादा सुटा क्षण मात्र नुसता लटकलेला वाटतो.

म्हणून मी आता भार कुठे आहे ते आधी शोधतो. उभ्या घोड्याचं सुमारे ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, कारण डोकं आणि मान त्यांच्याही पुढे असतात. ज्या पायावर भार येतो, त्याचा खुरावरचा सांधा मागून जमिनीकडे दबतो. तेवढा दबलेला सांधा मी जाड कोळशाने, खाली वर्तमानपत्राचा कपटा चिकटवून, घट्ट करतो. हवेतले पाय कोरड्या ब्रशने, अर्धवट. आयाळीला शेवटी हात लावतो, कधी लावतच नाही. उडती आयाळ पंख्यासमोर बसूनही मिळते.

वर्तमानपत्र एका दिशेने सरळ फाटतं, दुसऱ्या दिशेने दातेरी. सरळ फाटलेल्या पट्ट्या धावण्याच्या दिशेने लावल्या, की ब्रश न लावताही नजर पुढे घसरते. कोळशावर फिक्सेटिव्ह, म्हणजे कोळसा पक्का धरून ठेवणारा फवारा, मारल्याशिवाय अ‍ॅक्रिलिक लावू नका, सगळं राखाडी चिखल होतं. तेलकट खडू अगदी शेवटी, कारण त्यावर अ‍ॅक्रिलिक धरत नाही. आणि ठाण्याच्या पावसाळ्यात घाई तर नकोच. माझ्या दुसऱ्या घोड्याच्या पोटाखालचा कागद तिसऱ्या दिवशीही ओलाच होता, फुगून वर आला. घोडी गाभण दिसायला लागली. पोट खरवडून पुन्हा केलं.

मान आता खाली आणली आहे, आणि पुढच्या उजव्या पायाचा सांधा चांगला दबलाय. तुळशीचं लग्न लागलं की वराती सुरू होतील, घोडेवाला गल्लीत येईल. या वेळी मोबाइल नाही, फळीच खाली घेऊन जाणार आहे. नमस्कार.