उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात हृदयावर येणारा ताण

नागपुरात मे २०१३ मध्ये तापमान ४७.९ अंश सेल्सिअसपर्यंत चढले होते आणि डिसेंबर २०१८ मध्ये ते ३.५ अंशांपर्यंत उतरले होते. बाहेर एवढा फरक पडला तरी माणसाच्या शरीराच्या आतले तापमान ३७ अंशांच्या आसपासच राहावे लागते, आणि ते राखण्याचा मोठा भार हृदयावर पडतो.

निरोगी प्रौढाचे हृदय विश्रांतीच्या वेळी मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते. त्यातले अर्ध्या लिटरहून कमी रक्त त्वचेकडे जाते. तीव्र उष्णतेत मात्र त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि एकट्या त्वचेकडे जाणारे रक्त मिनिटाला ६ ते ८ लिटरपर्यंत वाढू शकते. ही वाढीव मागणी हृदय ठोके वाढवून भागवते. त्याच वेळी घामावाटे पाणी आणि क्षार निघून जातात, रक्तदाब उतरतो, रक्त दाट होऊन गुठळीची शक्यता वाढते आणि सोडियम-पोटॅशियमचे प्रमाण बिघडले तर ठोक्यांची लयही चुकू शकते. कोकणपट्टीच्या दमट हवेत घाम वाळत नसल्यामुळे पारा तितका चढलेला नसतानाही हाच ताण येतो. ज्यांचे हृदय आधीच कमकुवत आहे, जे लघवीवाटे पाणी काढणाऱ्या किंवा ठोक्यांचा वेग कमी ठेवणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी उन्हाळा लागण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलून घेणे आवश्यक आहे. गोळी आपल्या मनाने बंद करणे तितकेच धोक्याचे असते.

मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला. आधीच्या आणि नंतरच्या वर्षांतील मे महिन्यांशी तुलना केल्यावर संशोधकांना त्या एका महिन्यात सुमारे १,३४४ मृत्यू अधिक आढळले. उन्हाने ओढवलेला मृत्यू दाखल्यावर अनेकदा हृदयविकाराच्या नावाने नोंदला जातो, म्हणून केवळ उष्माघाताच्या नोंदी मोजून उन्हाचे खरे बळी कळत नाहीत. या अनुभवानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेचा कृती आराखडा लागू केला.

थंडीकडे मात्र आपले लक्ष फार कमी जाते, आणि हे दुर्लक्ष महागात पडते. गारठ्यात रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो आणि वाढलेल्या रोधाविरुद्ध रक्त ढकलताना हृदयाला अधिक प्राणवायू लागतो. हृदयाच्याच धमन्या अरुंद झालेल्या असतील तर तो पुरेसा पोहोचत नाही. उन्हाचा परिणाम त्याच दिवशी किंवा पुढच्या काही दिवसांत दिसतो, तर थंडीचा अनेक दिवस रेंगाळतो. भारतातील मृत्यूंच्या एका मोठ्या अभ्यासात २०१८ मध्ये असे मांडले गेले की, कडाक्याच्या उन्हापेक्षा किंवा थंडीपेक्षा मध्यम थंडीशी निगडित मृत्यू कितीतरी अधिक आहेत.

थंडीचा हा ताण कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहणाऱ्या ऊसतोड मजुरांवरही येतो. गळीत हंगाम ऐन थंडीत चालतो, आणि पहाटेच्या गारठ्यात उठून लगेच कोयता चालवताना रक्तदाब आणि श्रम एकदमच वाढतात. थंडीच्या इशाऱ्यांत आणि तयारीत या माणसांचा विचार व्हायला हवा, असे आम्हाला ठामपणे वाटते.

छातीत दाब जाणवणे, दुखणे जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे सरकणे, दम लागणे, दरदरून घाम येणे, अशा वेळी पित्त झाले असेल किंवा ऊन लागले असेल असे समजून वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.